न्यूकॅसलच्या टाळ्या

आमच्या घरी एक ग्रामोफोनची तबकडी आहे. तिच्यावर तीन इंग्रज तरुण एका रशियन माणसाचे संगीत वाजवतात, आणि वाजवून झाले की एक भरगच्च सभागृह टाळ्यांचा कडकडाट करते. आमची आई ही तबकडी लावायला सांगत असे ती त्या टाळ्यांसाठी. मधले संगीत ती सोसायची. तांदूळ निवडता निवडता, नाही तर वाती वळता वळता, तो सगळा गडगडाट ती कानाआड करी. आणि टाळ्या सुरू झाल्या की तिचे हात थांबत. कारण त्या हजारो हातांत दोन हात आमच्या दादाचे होते.

दादा १९६९ साली नौकाबांधणी शिकायला इंग्लंडात न्यूकॅसलला गेला. टाइन नदीच्या काठचे हे शहर तेव्हा जहाजांसाठी नावाजलेले होते. त्याच वर्षी शेजारच्या वॉल्सेंड येथे ‘एस्सो नॉर्थंब्रिया’ नावाचे अडीच लाख टनांचे तेलवाहू जहाज पाण्यात सोडले गेले, आणि गल्लीच्या टोकाशी उभ्या असलेल्या त्या जहाजापुढे घरे काडेपेट्यांसारखी दिसत, असे दादाने पहिल्याच पत्रात लिहिले होते. अण्णा रेल्वेच्या हिशेब खात्यात. गिरगावातली दोन खोल्यांची जागा, दादाच्या पाठचे आम्ही दोघे, आणि फंडातून काढलेले कर्ज. दादाने शिकून यावे, माझगाव गोदीत लागावे, कर्ज फेडावे, मग धाकटीचे लग्न करावे, असा सगळा हिशेब अण्णांनी वहीत नव्हे, पण मनात मांडून ठेवला होता.

१९७१ च्या एप्रिलमध्ये दादाची निळी हवाई पत्रे आली. एक नव्हे, दोन! एकात मजकूर मावला नाही म्हणून त्याने दुसरे जोडले होते. आई हरखली. अण्णांनी चष्मा पुसून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दादाने लिहिले होते की २६ मार्चला तो तिथल्या सिटी हॉलमध्ये एका बँडचा कार्यक्रम ऐकायला गेला होता. मग ते वर्णन पानभर चालले. अण्णांचा आवाज हळूहळू खाली येत गेला. दुसऱ्या पत्राच्या अगदी शेवटी, जिथे पत्र दुमडायची घडी असते तिथे, बारीक अक्षरांत एक ओळ होती: इथल्याच एका गोदीत नोकरी मिळते आहे, ती धरतो, तेव्हा या वर्षी येणे होत नाही.

अण्णांनी ती ओळ वाचली आणि पत्रांची घडी घातली. “फंडाचं कर्ज काढून पाठवला,” ते एवढेच म्हणाले, “तो काय गाणी ऐकायला?” त्यानंतर त्यांनी दादाला पत्र लिहिणे बंद केले. आई लिही, मी पत्ता घालत असे. आईच्या पत्रात ‘तीर्थरूपांचा आशीर्वाद’ हे शब्द असत, पण ते तीच घाली, हे आम्हां दोघांनाच ठाऊक.

आता हा बँड कोणता ते सांगितले पाहिजे. त्याचे नाव तिघा वादकांच्या आडनावांचे मिळून झालेले: इमर्सन, लेक अँड पामर. एखाद्या वकिलांच्या कचेरीची पाटी असावी तसे! कीथ इमर्सन कळफलकाची वाद्ये वाजवी, ग्रेग लेक बास गिटार वाजवी आणि गाई, आणि कार्ल पामरकडे ड्रम. तिघेही आधी वेगवेगळ्या बँडांत नाव कमावून १९७० साली एकत्र आलेले. त्यांचा दुसराच जाहीर कार्यक्रम झाला तो वाइट बेटावरच्या प्रचंड जलशात, १९७० च्या ऑगस्टमध्ये, आणि तिथे त्यांनी रंगमंचावरून चक्क तोफा उडवल्या. न्यूकॅसलच्या त्या रात्री इमर्सन सव्वीस वर्षांचा होता, लेक तेवीस, आणि पामरला एकवीस पुरी होऊन सहाच दिवस झाले होते. म्हणजे दादाच्याच वयाची पोरे ही.

रॉक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येते ती तीन मिनिटांची गाणी आणि किंचाळणाऱ्या मुली. पण १९७० च्या सुमारास इंग्लंडात काही तरुणांच्या डोक्यात वेगळेच वेड शिरले. त्यांना अर्धा-अर्धा तास चालणाऱ्या रचना हव्या होत्या, तालाची अवघड वळणे हवी होती, आणि बाख, बार्टोक, चायकोव्हस्की यांच्या घरांत शिरून त्यांचे सामान आपल्या बैलगाडीत भरायचे होते. इमर्सन त्यांतला पुढारी. त्याने पुढे सांगितले आहे की लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्याने एकदा वाद्यवृंदाने वाजवलेली ‘पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन’ ही रचना ऐकली, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन तिची स्वरलिपी विकत आणली. न्यूकॅसलला वाजली ती हीच रचना: ‘प्रदर्शनातील चित्रे’.

तिची मूळ कथा मोठी हृद्य आहे. मोडेस्ट मुसोर्ग्स्की हा रशियन संगीतकार. व्हिक्टर हार्टमन हा त्याचा स्नेही. वास्तुशिल्पी आणि चित्रकार. हा मित्र १८७३ साली अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी अचानक गेला. पुढच्या वर्षी सेंट पीटर्सबर्गला स्तासोव्ह नावाच्या समीक्षकाच्या पुढाकाराने त्याच्या चारशेंवर कलाकृतींचे स्मृतिप्रदर्शन भरले. मुसोर्ग्स्की ते पाहून आला, आणि जून १८७४ मध्ये तीन आठवड्यांच्या आत त्याने पियानोसाठी ही माळ गुंफली. एकेक तुकडा म्हणजे एकेक चित्र: लाकडी बुटका, जुना किल्ला, कोंबडीच्या पायांवर उभी असलेली बाबा यागा चेटकिणीची झोपडी, आणि सर्वांत शेवटी कीव्ह शहराचा भव्य दरवाजा. चित्रांच्या मधे ‘प्रॉमनाड’ नावाची एक चाल पुन्हा पुन्हा येते. ती म्हणजे एका चित्राकडून दुसऱ्या चित्राकडे चालत जाणारा खुद्द मुसोर्ग्स्की!

हा गृहस्थ १८८१ साली, बेचाळिसाव्या वर्षी, दारूपायी खंगून मेला. रचना छापली गेली ती १८८६ साली, म्हणजे त्याच्या डोळ्यांआड. हार्टमनची बहुतेक चित्रे काळाच्या ओघात नाहीशी झाली. आणि तो कीव्हचा दरवाजा? तो कधी बांधलाच गेला नाही. १८६६ साली झार दुसरा अलेक्झांडर हल्लेखोराच्या गोळीतून बचावला, त्याचे स्मारक म्हणून हा दरवाजा व्हायचा होता. स्पर्धा झाली, हार्टमनने आराखडा केला, आणि पुढे सगळेच बारगळले. राहिले ते संगीत. १९२२ साली राव्हेल या फ्रेंच संगीतकाराने ते वाद्यवृंदासाठी मांडले, तेव्हापासून ते जगभर वाजू लागले. इमर्सनने ऐकले तेही वाद्यवृंदाचेच रूप.

दादाच्या पत्रातले वर्णन मला अजून पाठ आहे. न्यूकॅसलच्या सभागृहात रंगमंचामागे भिंतभर नळ्यांचा मोठा ऑर्गन आहे, चर्चमध्ये असतो तसा. लेकने रचनेचे नाव उच्चारताच आरोळी उठली, आणि ‘प्रॉमनाड’चे पहिले सूर आले ते विजेच्या वाद्यातून नव्हे, त्या ऑर्गनमधून. इमर्सन तिथे उंचावर जाऊन बसला होता. ते संपले, आणि त्याला खाली आपल्या वाद्यांपाशी येईपर्यंत पामर ड्रमवर एकसारखा घुमारा धरून राहिला. “अण्णा, अगदी आपल्या नाटकात नट विंगेतून येईपर्यंत तबलजी लग्गी लावून धरतो ना, तसं!” असे दादाने लिहिले होते. हे वाक्य खास अण्णांसाठी होते. पण तेवढ्यात ती घडीवरची ओळ आडवी आली.

तबकडी आमच्या घरी आली ती १९७२ च्या पावसाळ्यात. बोटीवरचे एक ओळखीचे इंजिनियर मुंबईला येत होते, त्यांच्याबरोबर दादाने ती पाठवली. सोबत चिठ्ठी: “मी गेलो होतो तोच हा कार्यक्रम. तेव्हाच तो ध्वनिमुद्रित होत होता. आईला सांग, शेवटी ऐकू येतं त्यात मीही आहे.” बस्स, एवढेच.

तबकडीचे वेष्टनही मौजेचे होते. वर रंगवलेल्या भिंतीवर सोनेरी चौकटी, खाली नावांच्या पट्ट्या, पण चौकटी रिकाम्या! आईने पाहून विचारले, “अरे, चित्रं कुठायत? पाठवणाऱ्यानं फसवलं की काय?” मी वेष्टन पुस्तकासारखे उघडले, तेव्हा आतल्या चौकटींत विल्यम नील या चित्रकाराने काढलेली चित्रे निघाली. वाजवायला आमच्याकडे यंत्र कुठले? तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातून रेकॉर्ड प्लेअर मागून आणला. त्यांच्याकडे त्यावर नाट्यगीते आणि ‘गीतरामायण’ वाजत असे. त्या दिवशी चाळीच्या गॅलरीत जी गर्दी जमली, ती पाहून एखाद्याला वाटावे की आमच्याकडे साखरपुडा आहे.

मी खरे सांगतो, पहिल्या खेपेला मला काही कळले नाही. ऑर्गनचे सूर बरे वाटले. मग जो काही धडधडाट सुरू झाला, त्यात मधूनच एक आवाज असा यायचा की मोटारीचा भोंगा आणि सनई यांचे लग्न लागले असावे. तो मूग नावाच्या यंत्राचा आवाज, हे मला पुष्कळ पुढे कळले. रॉबर्ट मूग या अमेरिकन संशोधकाने बनवलेले हे विजेवर सूर निर्माण करणारे कपाट. टेलिफोनच्या जुन्या खात्यात असत तशा तारा या भोकातून त्या भोकात खुपसायच्या, तेव्हा सूर निघायचा. प्रयोगशाळेतली ही वस्तू इमर्सन गावोगावी रंगमंचावर घेऊन हिंडे. दिव्यांच्या उष्णतेने तिचा सूर सरकायचा. आपल्याकडे पावसाळी हवेत तंबोरा उतरतो, त्यातलाच प्रकार. फक्त खुंट्या पिळून भागत नसे.

मूळ रचनेतल्या दहा चित्रांपैकी या तिघांनी चारच घेतली. मधे आपले घुसडले. लेकने एकट्या गिटारवर ‘द सेज’ नावाचे शांत, फार सुंदर गीत घातले आहे. आमच्या बहिणीला सबंध तबकडीत तेवढेच आवडे. ‘जुन्या किल्ल्या’नंतर ब्लूजच्या अंगाने धावाधाव आहे, ती मला आजही लांबलेली वाटते. कीव्हच्या दरवाज्यावर लेकने शब्द रचले आहेत आणि त्याच्या मधोमध इमर्सन ऑर्गनकडून असे काही कण्हणे काढतो, की आई “अरे, त्याला काय होतंय?” म्हणून काळजीने विचारी. ऑर्गनच्या पट्ट्यांत सुऱ्या खुपसणे, तो आडवा पाडून त्यावर स्वार होणे, हे इमर्सनचे ठरलेले खेळ होते. हे मी अण्णांना सांगितले नाही. वाद्याला चुकून पाय लागला तर हात जोडणारा माणूस!

इंग्लंडात ही तबकडी १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये निघाली, तीही नेहमीपेक्षा कमी किमतीत, आणि खपाच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. अमेरिकेतली कंपनी मात्र कचरत होती. हे काय, ना धड शास्त्रीय ना धड रॉक, घेणार कोण? पण इंग्लंडातून आयात केलेल्या प्रतीच तिथे इतक्या उचलल्या गेल्या की १९७२ च्या आरंभी तिलाही ती काढणे भाग पडले. तिथेही ती पहिल्या दहांत आली. जाणत्यांनी नाके मुरडली ती मुरडलीच. अभिजात संगीत जपणाऱ्यांना हा दरोडा वाटला, आणि रॉकवाल्यांतल्या टीकाकारांना हे पोरांचे पांडित्यप्रदर्शन वाटले.

अण्णांचेही तेच मत. “दुसऱ्याच्या चिजेवर दरोडा,” ते म्हणाले. मी म्हटले, “अण्णा, ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांनी पूर्वेकडच्या ठुमऱ्या-कजऱ्यांवरून चाली बांधल्याच ना? त्याला तुम्ही दरोडा म्हणत नाही.” अण्णा चिडले. “टेंब्यांना ती ठुमरी आधी येत होती! चीज मोडायची तर ती आधी यावी लागते!” आणि ते गॅलरीत जाऊन बसले.

पुढे मी बँकेत चिकटलो आणि १९७३ च्या दिवाळीला पहिल्या बोनसमधून आमच्याच घरी रेकॉर्ड प्लेअर घेतला. आईची फर्माइश ठरलेली. दर रविवारी दुपारी, भांडी घासून झाली की, ती यायची आणि म्हणायची, “लाव रे त्याच्या टाळ्या.” मी सुई थेट शेवटी ठेवू लागलो, तर तिला ते रुचेना. “असं मधेच नको. लोक ऐकून मग वाजवतात ना? आपणही ऐकू.” तेव्हा सबंध बाजू ऐकणे आले.

अशाच एका रविवारी अण्णा पडून होते. डोळ्यांवर पंचा. मी त्या दिवशी पहिली बाजू लावली होती. ऑर्गनवर ‘प्रॉमनाड’ सुरू झाली आणि मला दिसले की अण्णांचा उजवा हात पलंगाच्या कडेवर चालतो आहे. बोटे मोजत होती. संपले तसे त्यांनी पंचा काढला.

“पुन्हा लाव.”

मी लावले. अण्णांनी करंगळीपासून बोटे मोडीत मोजले, आणि उठून बसले.

“पाच. मग सहा. मग पाच. मग सहा. अरे, हा कसला ताल? अकरा म्हणावं तर सम कुठे धरायची? चालताना अडखळल्यासारखं का करतो हा?”

मी त्यापूर्वी पेटिट लायब्ररीत बसून या रचनेविषयी वाचले होते. मी सांगितले की तो अडखळतो आहे खराच. एक जाडजूड माणूस मेलेल्या मित्राची चित्रे पाहत चालला आहे. मधेच थांबतो, मधेच भरभर जातो, म्हणून पाच आणि सहा मात्रा आलटून पालटून. त्या पोरांनी बाकी पुष्कळ मोडतोड केली, पण हे चालणे जसे लिहिले तसेच ठेवले आहे.

अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मित्र किती वर्षांचा होता?”

“एकोणचाळीस.”

“हं. आणि ह्या पोरांना हे कळतं?”

“वाजवतायत म्हणजे कळत असेल.”

“दे बघू एक हवाई पत्र.”

अडीच वर्षांनी अण्णांनी दादाला लिहिलेले ते पत्र. मी ते टाकायला नेले तेव्हा चोरून वाचले, हे आता कबूल करायला हरकत नाही. त्यात कर्जाचा उल्लेख नव्हता, नोकरीचा नव्हता, तब्येतीची चौकशीसुद्धा नव्हती. सबंध पत्रभर पाच आणि सहा मात्रांचा विचार होता. धमाराच्या चौदा मात्रा पाच-दोन-तीन-चार अशा तुटतात, मग त्यात ऐकणाऱ्याला अडखळल्यासारखे का वाटत नाही, आणि इथे का वाटते, असा प्रश्न. शेवटी: “ड्रम वाजवणारा मुलगा तयार आहे. घुमारा चांगला धरतो. तू लग्गी म्हणालास ते बरोबर नाही. लग्गीला ठेका असतो. कळावे.”

दादाचे उत्तर बारा दिवसांत आले. मग ती पत्रे चालूच राहिली, मुख्यतः तालाविषयी. कर्ज दादाने १९७५ पर्यंत फेडले. पुढल्या वर्षी तो महिन्याभरासाठी आला, सात वर्षांनी.

आल्या आल्या दुसऱ्याच दिवशी आईने तबकडी लावायला सांगितली. दादा जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता. कीव्हचा दरवाजा संपला, गर्जना उठली, मग चायकोव्हस्कीच्या ‘नटक्रॅकर’मधल्या कूचगीताचे ते धांगडधिंग्याचे रूप झाले, आणि शेवटच्या टाळ्या आल्या. आईने त्याच्याकडे पाहिले. “यात तुझ्या कुठल्या रे?”

दादा हसायला लागला. “आई, टाळ्या कसल्या वाजवतो! मी शिट्ट्या मारत होतो. दोन बोटं तोंडात घालून.”

आमच्याकडे शिट्टीला सक्त मनाई. तिन्हीसांजेला शिट्टी वाजवली तर घरात साप येतो, असे आईचे ठाम मत. चौथ्या मजल्यावर तो कसा येईल, हा प्रश्न विचारायची सोय नव्हती. चार वर्षे तिने ज्या टाळ्या जिवाचा कान करून ऐकल्या, त्यांत मुलगा नव्हताच! मला वाटले, आता ही रडते की रागावते.

“तिथंही शिट्ट्या?” ती म्हणाली. मग पदराने हात पुसून, “लाव रे पुन्हा.”

मी सुई मागे ठेवली. आई पुढे सरकली आणि कान देऊन बसली. त्या कोलाहलात एका जागी तिने बोट उचलले. “हीच.” दादाने काही म्हटले नाही. त्या गोंगाटात मला विचाराल तर शिट्टी की आणखी काही, हेही सांगता येत नव्हते.

पलंगावरून अण्णांचा आवाज आला, “निदान समेवर तरी मारलीस का?”

दादाने संसार तिकडेच केला. अण्णा आणि आई यथाकाल गेली. दादा २००९ साली गेला. २०१६ च्या मार्चमध्ये इमर्सन गेला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात लेक. कार्ल पामर मात्र वाजवीत राहिला. मागे पडद्यावर त्या दोघांची १९९२ सालच्या कार्यक्रमाची चित्रफीत चालवायची आणि पुढे आपण ड्रम धरायचा, असे कार्यक्रमही त्याने केले. तरुण पिढीला हे विचित्र वाटते. मला वाटत नाही.

दादाच्या मुलीकडे मी एकदा न्यूकॅसलला जाऊन आलो. तिने मला सिटी हॉल दाखवला. विटांची दणकट इमारत. एकाच बांधणीत एका अंगाला सभागृह आणि दुसऱ्या अंगाला पोहण्याचा तलाव! त्या दिवशी कार्यक्रम नव्हता, दार बंद होते. आम्ही समोरच्या पदपथावर उभे राहिलो. पुतणीने खिशातून मोबाईल काढला, त्यावर ती रचना शोधली, आणि एक गुंडी माझ्या कानात घालून दुसरी आपल्या कानात घातली.

“काका, बाबांची कुठली?” तिने विचारले.

मी आजीने बोट उचलले होते ती जागा येईपर्यंत थांबलो, आणि बोट उचलले.